दानशूर म्हणण्याआधी उद्योजक म्हणा



 रावेरच्या या केळीच्या मुलखात उद्योगाविषयी बोलायचे, तर भवरलाल जैन यांचे नाव आधी घ्यावे लागते. भाऊंचा विषय निघाला की आपण त्यांच्या दानाविषयी भरभरून बोलतो. जळगावचे गांधीतीर्थ, अनुभूती शाळा ही कामे मोठीच आहेत. पण त्यांचा पहिला मान उद्योजकाचा आहे आणि तो आपण अजून पुरता दिलेला नाही.

जामनेर तालुक्यातल्या वाकोदच्या शेतकरी कुटुंबात १९३७ साली त्यांचा जन्म झाला. वाणिज्य आणि कायदा शिकलेल्या या तरुणाने सरकारी अधिकारीपदाची चालून आलेली संधी नाकारली आणि १९६३ मध्ये घरच्या सात हजारांच्या बचतीवर रॉकेल विकायला सुरुवात केली. पुढे खते, बियाणे, शेतीची अवजारे आली. व्यापार बरा चालला होता. तरीही १९७८ मध्ये केळीच्या भुकटीचा एक बंद कारखाना त्यांनी तीस लाखांना घेतला. तिथे पपेन बनू लागले. झाडावरच्या कच्च्या पपईला चिरा द्यायच्या, गळणारा पांढरा चीक गोळा करायचा आणि तो शुद्ध करून परदेशी पाठवायचा. आपल्याच बांधावरच्या चिकाला जगाच्या बाजारात गिऱ्हाईक आहे, हे ओळखणारी ही नजर होती.

पपेननंतर भाऊ पाईपच्या धंद्यात उतरले आणि पाईपनंतर ठिबक सिंचन आले. हे तंत्र बाहेरचे; पण संच विकून मोकळे होणे भाऊंना मान्य नव्हते. रानाची पाहणी, आखणी, पिकाचा सल्ला आणि नंतरची देखभाल, हे सारे त्यांनी धंद्यातच धरले. उतीसंवर्धित रोपांनी त्याला जोड दिली. मुनवे लावून मोकळे पाणी देण्याच्या काळात केळी हाती यायला साधारण दीड वर्ष लागे. आज ग्रँड नैन जातीच्या उतीसंवर्धित केळीचा घड ठिबकवर वर्षभरात कापणीला येतो. भाव आपल्या हाती नसतो; वाचलेले पाणी आणि वाचलेले महिने मात्र आपलेच. जमिनीतले पाणी खोल गेलेल्या रावेर-यावलला याचे मोल वेगळे सांगायला नको.

नव्वदच्या दशकात वित्तव्यवसायासारख्या परक्या क्षेत्रांत भाऊंची कंपनी शिरली आणि कर्जात सापडली. तेव्हा भाऊंनी पसारा आवरला आणि पुन्हा शेतीवरच भिस्त ठेवली. चुकलेली वाट सोडून मागे फिरायलाही उद्योजकाचीच छाती लागते.

२००८ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली, २०१६ मध्ये ते गेले. त्यांचा पहिला मान उद्योजकाचा का, तर दान हे नफ्यातून नंतर होते. भाऊंच्या व्यवहारात शेतकऱ्याचे भले माल विकतानाच होत होते. शेतकरी टिकला तरच कारखाना टिकेल, असा तो हिशेब होता. म्हणून त्यांच्या मोठेपणाची ओळख देणग्यांच्या यादीआधी शेतकऱ्याच्या जमाखर्चातून व्हावी.

या परिषदेपुढे माझा प्रस्ताव असा: खानदेशातल्या वाणिज्य आणि कृषी महाविद्यालयांत भाऊंचे निर्णय त्यांच्या यशापयशासह शिकवले जावेत. आणि घड कापल्यावर बांधावर टाकल्या जाणाऱ्या केळीच्या खोडाकडे रावेरच्या पोरांनी, भाऊंनी पपईच्या चिकाकडे पाहिले तसे पाहावे. त्यातून धागा निघतो, खत होते. त्यासाठी पहिले भांडवल उभे करणे, हे आपल्या व्यापारी मंडळींचे काम आहे.