अंतर किती, कोन किती?

आज पदवी घेणाऱ्या मित्रमैत्रिणींनो,

गेली दोन वर्षं तुमची ओळख ‘ऑरगॅनिकवाला’, ‘फिजिकलवाली’ अशीच करून दिली गेली. उद्या नोकरीच्या अर्जातही तोच रकाना भराल. रसायनशास्त्रज्ञ लायनस पॉलिंग यांना कोणत्या रकान्यात बसवायचं, हे मात्र मला आजवर ठरवता आलेलं नाही.

कॅलटेकमध्ये क्ष-किरणांनी स्फटिकांची रचना शोधण्यापासून त्यांनी सुरुवात केली. प्रश्न साधा: दोन अणूंमधलं अंतर किती, बंधांमधला कोन किती? मग युरोपात जाऊन पुंजयामिकी शिकले आणि १९३१मध्ये कार्बनचे चार बंध सारखे का, याचं उत्तर संकरणाने दिलं. पुढच्याच वर्षी विद्युतऋणतेची मापपट्टी आली. अकरावीत तुम्ही हे पाठ केलंत. परीक्षेपुरतंच केलंत, हेही आम्हाला ठाऊक आहे.

तीच अंतरं, तेच कोन घेऊन ते प्रथिनांकडे वळले. १९४८मध्ये ऑक्सफर्डला सर्दीने अंथरूण धरलं होतं. रहस्यकथांचा कंटाळा आला, तेव्हा त्यांनी कागदावर अमिनो आम्लांची साखळी काढली आणि घड्या घालून पाहू लागले. पेप्टाइड बंध दुहेरी बंधाकडे झुकलेला, म्हणजे सपाटच राहणार. ही अट त्यांनी सोडली नाही. अल्फा हेलिक्स हाती आला. एका वेढ्यात साधारण ३.६ अमिनो आम्लं. पूर्णांक नाही, तर नाही! पण वेढ्याची उंची ५.४ अँगस्ट्रॉम येत होती आणि क्ष-किरणांची छायाचित्रं ५.१ सांगत होती. १९५१पर्यंत त्यांनी ते छापलं नाही.

विदर्भात आणि नंदुरबारकडे सिकलसेल या रक्ताच्या आजाराची तपासणी होते. आधी सोल्युबिलिटी टेस्ट, मग खात्रीसाठी इलेक्ट्रोफोरेसिस. या आजाराचा धागाही पॉलिंगपर्यंत जातो. पॉलिंगनी एका डॉक्टरांकडून ऐकलं होतं की या रुग्णांच्या तांबड्या पेशी ऑक्सिजन कमी असलेल्या शिरांतल्या रक्तात वाकड्या होतात. म्हणजे दोष हिमोग्लोबिनमध्येच असणार, हे त्यांनी तिथल्या तिथे ओळखलं. हार्वे इटानो या विद्यार्थ्याने आणि सहकाऱ्यांनी हिमोग्लोबिन विद्युतक्षेत्रात सोडून पाहिलं, म्हणजे इलेक्ट्रोफोरेसिसच केलं. रुग्णाचं हिमोग्लोबिन निरोगी माणसाच्या हिमोग्लोबिनपेक्षा वेगळ्या गतीने सरकलं; वाहकाच्या रक्तात दोन्ही प्रकार निघाले. १९४९ साली एका आजाराचं मूळ असं थेट रेणूत सापडलं.

डीएनएपाशी मात्र ते फसले. त्यांनी तीन पदरांची रचना मांडली, फॉस्फेट आतल्या बाजूला आणि त्यांवरचे हायड्रोजन जसेच्या तसे. नाव न्यूक्लिइक ॲसिड, आणि त्यात ॲसिडपणाच नाही! हे १९५३च्या फेब्रुवारीत छापून आलं. एप्रिलमध्ये वॉटसन आणि क्रिक यांची दुपदरी रचना आली. ०.३ अँगस्ट्रॉमच्या फरकासाठी जो माणूस तीन वर्षं गप्प बसला, त्याला इथे दम निघाला नाही. ते जीवशास्त्रात शिरले म्हणून हरले, असं काही जण म्हणतात. मला ते पटत नाही. घाईत पहिल्या वर्षाचं रसायनशास्त्र तपासायचं राहून गेलं.

असो. तुमचं, आणि तुमची फी भरणाऱ्या सज्ज्यातल्या मंडळींचं, मनापासून अभिनंदन.