दोनास एक

लखनौचे नाव निघाले की दशहरी आंबा आणि चिकनकारी आठवते. परंतु गंगेच्या या सुपीक खोऱ्यात, लखनौच्या आसपासही, उन्हाळ्यात पांढुरक्या थराने झाकली जाणारी नापीक जमीन कित्येक ठिकाणी आढळते. तिला तिकडे ऊसर म्हणतात व त्या थराला रेह. महाराष्ट्रातील चोपण जमिनीची ही थोरली बहीण. पूर्वी धोबी हीच रेह गोळा करून कपडे धूत. कारण तीत सोडियम कार्बोनेट, म्हणजे धुण्याचा सोडा, असतो.

या सोड्याचे सूत्र कसे बनते? सोडियमच्या अणूने एक इलेक्ट्रॉन गमावलेला असतो. त्याची संयुजा एक. कार्बोनेट गटापाशी दोन ऋणभार, म्हणून त्याची संयुजा दोन. संयुगात कोणाचीच बाकी उरता कामा नये. तेव्हा एका कार्बोनेटास सोडियम दोन लागतात. विद्यार्थी हा हिशेब पाठ करतात आणि परीक्षेनंतर विसरतात. ऊसर जमीन कसणाऱ्याची भाकरी मात्र त्यावर अवलंबून असते.

चिकणमातीच्या सूक्ष्म पापुद्र्यांवर ऋणभार असतो. त्यांना सोडियम चिकटला की पापुद्रे विखुरतात, मातीची छिद्रे बुजतात, पाणी वर तुंबते आणि मुळे गुदमरतात. यावर उपाय जिप्समचा, म्हणजे जलयुक्त कॅल्शियम सल्फेटचा. कॅल्शियम व सल्फेट या दोहोंची संयुजा दोन, म्हणून सूत्रात ते एकास एक. शेतात मात्र एक कॅल्शियम मातीवरील दोन सोडियमना उठवून त्यांची जागा घेतो. उठविलेले सोडियम सल्फेटाच्या सोबतीने, पुन्हा दोनास एक याच प्रमाणात, बांध घालून साठविलेल्या पाण्याबरोबर खोल निघून जातात.

वजनात मांडले, तर १७२ किलो शुद्ध जिप्सम ४६ किलो सोडियम हलविते. सोडियमची संयुजा कोणी चुकून दोन धरली, तर जिप्समची मात्रा दुप्पट निघेल आणि खर्चही. प्रत्यक्षात हिशेबापेक्षा काहीसे अधिक लागतेच. थोडा कॅल्शियम कार्बोनेटाच्या हाती सापडून चुनखडी होऊन बसतो.

१९९३ साली उत्तर प्रदेशात जागतिक बँकेच्या साहाय्याने ऊसर सुधारणेची मोठी योजना सुरू झाली. तिची भिस्त याच जिप्समवर होती. अशा जमिनीत पहिले पीक भाताचे घेतात. साचलेले पाणी भाताला सोसते, आणि तेच पाणी सोडियमला खाली नेत असते.