चाकालाही टाकी लागते
(माजी विद्यार्थी मेळाव्यातील मनोगत)



आपल्या बॅचमध्ये कोणी डॉक्टर झालं, कोणी सरपंच झालं. मी ग्राइंडिंग मशीनवर उभा राहिलो. बेडशाहून कामशेत, तिथून लोकल, चिंचवडला उतरायचं, आणि शिफ्ट संपली की त्याच वाटेनं परत. संयोजक म्हणाले, "तुझ्या कामाबद्दल बोल." म्हणून आज चाकाबद्दल बोलतो.

माझ्या वयाच्या मंडळींना आठवत असेल, गावात टाकी लावणारे यायचे. "जात्याला, पाट्याला टाकीऽऽ" अशी हाळी आली की आजी जातं उघडून ठेवायची. ती म्हणायची, "जातं गुळगुळीत झालं की दाणा नुसता घसरतो. हात भरून येतात, पण पीठ पडत नाही." कारखान्यातल्या ग्राइंडिंग व्हीलचंही अगदी हेच असतं.

हे चाक म्हणजे अतिशय कठीण कणांची, भट्टीत भाजलेली भाकरीच. ही चाकं बनवणारा ग्राइंडवेलचा कारखाना १९४१ साली आपल्याच महाराष्ट्रात, उरणजवळ मोरा इथे सुरू झाला. चाकातला एकेक कण म्हणजे एक बारीक छन्नी. कण बोथट झाला की त्यानं निखळून पडावं आणि मागच्या धारदार कणानं पुढे यावं, अशी त्याची रचना. पण नेहमी तसं होत नाही. कधी कण जागच्या जागी घासून सपाट होतात आणि चाक चकाकायला लागतं. कधी लोखंडाचा कीस छिद्रांत बसतो. त्याला आम्ही 'चाक भरलं' म्हणतो. असं चाक कापत नाही, नुसतं घासतं. घासलं की उष्णता वाढते आणि जॉब जळतो.

त्यावर उपाय हिऱ्याचा. पोलादी दांडीच्या टोकाला बसवलेला एक छोटासा हिरा. दागिन्यातला नव्हे, पण जात तीच. फिरत्या चाकावरून तो आडवा नेला की वरचा बोथट थर निघून जातो आणि चाक पुन्हा मोकळं होतं. मात्र हिऱ्यालाही जपावं लागतं. दांडी चाकाच्या फिरण्याच्या दिशेला दहा-पंधरा अंश कललेली हवी आणि टोक चाकाच्या मध्याच्या किंचित खाली. एका फेरीत वीस-पंचवीस मायक्रॉनपेक्षा जास्त घ्यायचं नाही. एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. कूलंट सुरुवातीपासून चालू ठेवायचा; तापलेल्या हिऱ्यावर मध्येच पाणी पडलं तर तो तडकतो. दांडी अधूनमधून थोडी फिरवून बसवायची, म्हणजे हिऱ्याला नवं टोक मिळतं. हिरा भरभर नेला तर चाक खरखरीत होतं, भरपूर कापतं. सावकाश नेला तर जॉबला फिनिश चांगलं येतं, पण चाक लवकर बोथटतं. हे सगळं हातात बसायला मला दोन वर्षं लागली.

आता जे सांगतो, ते आजवर घरीसुद्धा सांगितलेलं नाही.

एका कारखान्यात शाफ्टची घाईची ऑर्डर होती. नग मोजले जात होते. चाकाचा आवाज बदललेला मला कळत होता, पण डायमंड मारायला पाच मिनिटं जातात, म्हणून मी ते पुढे ढकललं. रजिस्टरमध्ये मात्र 'ड्रेसिंग केले' असं लिहून सही ठोकली. शाफ्टवर तपकिरी डाग दिसले, तेव्हा शेवटी हलका हात मारून ते घालवले. डाग गेले, पण त्याखालचा जळलेला थर तसाच राहिला. तपासणीत बारीक तडे सापडले आणि सगळा लॉट परत आला.

चौकशी झाली. रजिस्टरमध्ये माझी सही होती, म्हणून दोष माझ्या हेल्परवर गेला. त्यानंच कूलंट नीट सोडला नसणार, असं ठरलं. कंत्राटी पोरगा, मावळातलाच. त्याला घरी पाठवलं. मी तिथेच उभा होतो, तोंड उघडलं नाही.

पंधरा दिवस झोप नीट लागली नाही. मग साहेबांना खरं सांगितलं. माझा पगार कापला गेला. पण त्याच्या जागी दुसरा मुलगा आला होता, तो काही परत आला नाही. मी त्याच्या घरी गेलो. त्याच्या आईनं मला चहा दिला. तो म्हणाला, "दादा, तुम्ही त्या दिवशी बोलायला पाहिजे होतं." माझ्याकडे त्याला द्यायला उत्तर नव्हतं. आजही नाही.

मुलांनो, आपल्या बेडशाची लेणी तुम्ही सहलीला पाहिली असतील. दोन हजार वर्षांपूर्वी काळ्या कातळात खांब कोरले, वर घोडे, हत्ती, बैल आणि त्यांच्यावरचे स्वार घडवले. त्या कारागिरांच्या छन्न्या किती वेळा बोथटल्या असतील! प्रत्येक वेळी हात थांबवून धार लावावी लागली असणार. तो वेळही कामातच धरायचा असतो. मी तो वाचवायला गेलो, आणि त्याची किंमत दुसऱ्यानं मोजली.

पुढे नोकरीची बरीच वर्षं मी नवीन पोरांना शिकवण्यात घालवली. पहिला धडा एकच: चाक बसवण्याआधी ते टांगून लाकडी मुठीनं हलकेच वाजवा. खणखणीत वाजलं तर घ्या, बद्द वाजलं तर आत तडा आहे, बाजूला ठेवा. दुसरा धडा: जे केलं नाही, त्यावर सही करू नका.

तुमच्यापैकी कोणाला आयटीआयला जायचं असेल, तर रविवारी बेडशाला घरी या. माझ्याकडे एक जुना ड्रेसर आहे, हिरा झिजलेला. हातात कसा धरायचा ते दाखवतो.