लोणारच्या खाऱ्या पाण्यातला आरएनए



जून 2020 मध्ये लोणार सरोवराचं पाणी गुलाबी झालं आणि आपला बुलढाणा जिल्हा जगभरच्या बातम्यांत झळकला. पाण्याचे नमुने पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेत गेले. पाणी आटून खारटपणा वाढला होता. मीठ मानवणाऱ्या हॅलोआर्किया नावाच्या सूक्ष्मजीवांच्या रंगद्रव्यानं ही किमया केली होती.

सूक्ष्मदर्शकाखाली असे जीव बरेचसे सारखेच दिसतात. त्यांची खरी ओळख पटते ती केंद्रकाम्लांवरून. केंद्रकाम्लं दोन प्रकारची, डीएनए आणि आरएनए. डीएनएच्या दुहेरी साखळीत चार रासायनिक अक्षरांच्या क्रमानं पेशीची सगळी माहिती असते. पेशी विभागताना साखळ्या सुट्या होतात, प्रत्येकीसमोर जोडीची अक्षरं बसतात आणि नवी प्रत तयार होते. आरएनए हव्या तेवढ्या भागाची नक्कल घेऊन रायबोसोमकडे जातो. तिथं तीन-तीन अक्षरं वाचत प्रथिन गुंफलं जातं.

रायबोसोमही बराचसा आरएनएचाच असतो. त्याच आरएनएची तुलना करून कार्ल वूझ आणि जॉर्ज फॉक्स यांनी 1977 साली दाखवून दिलं, की आर्किया हा जीवाणूंहून निराळाच गट आहे. लोणारच्याच एका जीवाणूला 2012 साली ‘सेसेम्बिया लोनारेन्सिस’ हे नाव मिळालं, त्यालाही याच तुलनेचा आधार होता.

मला खरं नवल वाटतं ते पुढच्या गोष्टीचं. लोणारचं पाणी चांगलंच अल्कधर्मी, सामू 10 च्या आसपास. बोटांना साबणासारखं बुळबुळीत लागणारं. अशा पाण्यात आरएनए उघडा पडला तर हळूहळू तुटत जातो. त्याच्या शर्करेवर ऑक्सिजन-हायड्रोजनची एक जादा जोडी असते. अल्क त्यातला हायड्रोजन काढून घेतो, आणि मोकळा झालेला ऑक्सिजन शेजारचाच दुवा तोडतो. डीएनएच्या शर्करेवर ती जोडी नसते, म्हणून तो जास्त तग धरतो.

मग तिथले जीव जगतात कसे? पेशीपटलातली काही प्रथिनं सोडियम बाहेर टाकतात आणि त्या बदल्यात हायड्रोजनचे कण आत घेतात. त्यामुळे आतला सामू बाहेरच्यापेक्षा बराच खाली राहतो आणि आरएनए शाबूत राहतो. हे काम क्षणभरही थांबून चालत नाही. आणि ती प्रथिनं घडवण्याचा निरोप डीएनएकडून रायबोसोमपर्यंत पोचवतो, तो हाच नाजूक आरएनए.