पांढरीच्या मातीतील पूर्वज



उजनीचे पाणी ओसरले की पळसनाथाचे प्राचीन मंदिर जलाशयातून वर येते. दूरदूरची माणसे येतात, हात जोडतात, छायाचित्रे घेतात. पण भीमेच्या खोऱ्याची स्मृती या मंदिराहूनही कितीतरी जुनी आहे. जिचे पाणी पुढे याच जलाशयात येते, त्या घोड नदीच्या काठी शिरूर तालुक्यात इनामगाव आहे. डॉ. सांकलिया, डॉ. ढवळीकर, डॉ. अन्सारी या पुण्याच्या डेक्कन कॉलेजमधील विद्वानांनी १९६८ ते १९८३ या काळात तेथे उत्खनन केले. इ.स.पू. १६०० ते ७०० पर्यंत नांदलेले कृषिवलांचे गाव उजेडात आले. घरे, धान्याची कोठारे, नदीचे पाणी वळविणारा पाट आणि दोनशेहून अधिक दफने!

ही माणसे आपल्या मृतांना गावाबाहेर टाकीत नसत. घरातच, जमिनीखाली, उत्तर-दक्षिण निजवीत. तान्ह्या मुलांसाठी दोन रांजण तोंडाला तोंड लावून ठेवीत. प्रौढांची पावले मात्र घोट्यापासून तोडलेली आढळली. मृताने घर सोडून जाऊ नये, हा त्यामागील भाव असावा, असा तर्क अभ्यासकांनी केला. एका मोठ्या घराच्या अंगणात चार पायांच्या मातीच्या रांजणात मांडी घालून बसविलेला पुरुष सापडला. त्याची पावले शाबूत होती. तो गावचा प्रमुख असावा.

आजही हिंदू कुटुंबात तान्ह्या बाळाला अग्नी देत नाहीत. मातीच्या कुशीत ठेवतात. या दोन आचारांमधला धागा सलग आहे, असे सिद्ध झालेले नाही. तरीही त्या रांजणापुढे उभ्या राहणाऱ्या आईला तो परका वाटणार नाही.

हाडे दुःखही सांगतात. उपासमार वा आजार बालपणी आला, तर दातांच्या आवरणावर त्याची रेघ उमटते. इ.स.पू. १००० नंतर पाऊस घटला, चौकोनी घरांच्या जागी गोल झोपड्या आल्या, शेती मागे पडून पशुपालन व शिकार वाढली आणि अखेर गाव ओस पडले, असे ढवळीकरांनी मांडले. दुष्काळ सोसलेल्या इंदापूरकरांना हे निराळे समजावून सांगण्याची गरज नाही.

या माणसांनी लेख मागे ठेवला नाही. त्यांची भाषा कोणती, हे हाडे सांगत नाहीत. पूर्वजांचा अभिमान जरूर बाळगावा, परंतु पुराव्याच्या पुढे धावू नये. अभिमानाची पहिली कसोटी जतन ही आहे. आपण पांढरीची माती शेतात, भिंतींत घालण्यासाठी गाडीभर उचलतो. तिच्यातच खापरे, मणी, कधी एखादी कवटी असते. जागेवरून हललेले हाड मुके होते. म्हणून फावड्याला असे काही लागले, तर हात थांबवावा, तहसील कार्यालयाला आणि पुरातत्त्व खात्याला कळवावे.

ज्यांनी मेलेल्या लेकराला घराबाहेर जाऊ दिले नाही, त्यांना आपण खताच्या ढिगात टाकू नये. एवढे ऋण तरी फेडूया.