न विचारलेले दुःख



कॅनडातील लेखिका रेचल रीड यांची 'हीटेड रायव्हलरी' ही कादंबरी २०१९ साली निघाली. बर्फावरच्या हॉकीतले दोन नामांकित प्रतिस्पर्धी एकमेकांवर प्रेम करतात व ते जगापासून लपवितात, अशी ती कथा. "ही परदेशातली थेरे!" असे आपण चटकन म्हणू. परंतु आपल्या मराठीत सचिन कुंडलकर यांची 'कोबाल्ट ब्लू' २००६ सालीच आली. तिच्यावर त्यांनीच काढलेल्या २०२२ च्या चित्रपटातली बहीण तर हॉकीच खेळते!

कादंबरीत एका घरी पेइंग गेस्ट म्हणून तरुण येतो. घरातला तनय आणि त्याची बहीण अनुजा, दोघांचाही जीव त्याच्यावर जडतो. अनुजा त्याच्याबरोबर निघून जाते. तो सोडून गेल्यावर एकटी परत येते. मग साऱ्या घराला तिचा घोर. तनयचेही तेच माणूस गेलेले. पण त्याला कोण विचारणार? कोणास ठाऊकच नाही!

६ सप्टेंबर २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने अशा प्रेमावरचा गुन्ह्याचा शिक्का पुसला. घरातला शिक्का पुसणे मात्र आपलेच काम.

'जालना सोने का पालना' असे आपण अभिमानाने म्हणतो. त्या पाळण्यातले मूल पुढे कोणावर जीव लावील, हे आईने आधीच ठरवू नये. मुलगा भरल्या ताटावरून उठला, तर "काय झालं रे बाळा?" एवढे विचारावे, आणि उत्तर ऐकण्याची तयारी ठेवावी.