किल्ली एक, दारं अनेक



बचत गटाच्या पेटीची आपली रीत तुम्हाला माहीत आहे. पेटी एकीच्या घरी, किल्ली दुसरीच्या घरी. एकटीने मनात आणलं तरी पेटी उघडत नाही, म्हणून कुणा एकीवर आळही येत नाही. आज मी याच्या अगदी उलट व्यवस्थेबद्दल बोलणार आहे. तिथे प्रत्येकीकडे स्वतःची एकच किल्ली असते आणि तिने तिच्या कामाची सगळी कुलपं उघडतात. इंग्रजीत याला ‘सिंगल साइन-ऑन’ म्हणतात. मोठ्या रुग्णालयात, कंपनीत, बँकेत तुम्ही किंवा तुमच्या लेकीसुना कामाला जात असाल, तर हे ऐकाच.

आमच्या गटातली एक ताई शहरातल्या एका मोठ्या रुग्णालयात नोंदणीच्या खिडकीवर बसते. पूर्वी तिला पाच पासवर्ड होते. हजेरीचा एक, रजेचा दुसरा, पगारपत्रकाचा तिसरा, रुग्णनोंदणीचा चौथा, बिलाचा पाचवा. कुठला कधी बदलायचा याचा मेळ नाही. मग सगळ्या जणी करतात तेच तिने केलं. कागदावर लिहून कागद कीबोर्डखाली ठेवला. पुढे रुग्णालयाने सगळ्यांसाठी एकच लॉगिन केलं. सकाळी एकदा पासवर्ड टाकला की पाचही कामं उघडी. ताई खूश झाली, आणि खूश होण्यासारखंच होतं ते.

हे चालतं कसं? सरकारी दवाखान्यातला केसपेपर आठवा. पहिल्या खिडकीवर नाव-गाव सांगून आपण केसपेपर काढतो. मग रक्ततपासणी असो की एक्स-रे, प्रत्येक ठिकाणी तोच कागद दाखवायचा. इथेही तसंच. पासवर्ड आपण फक्त मुख्य दाराला सांगतो. ते दार आपली खात्री करून घेतं आणि बाकीच्या खिडक्यांना कळवतं की ही अमुक बाई आहे, हिला येऊ द्या. पासवर्ड त्या खिडक्यांपर्यंत जातच नाही. आणि ही खात्री ठरावीक वेळच चालते, नंतर पुन्हा लॉगिन करावं लागतं.

ही कल्पना आजची नाही. अमेरिकेतल्या एमआयटी या संस्थेत १९८३ साली अथेना नावाचा प्रकल्प सुरू झाला. आवारातल्या कुठल्याही संगणकावर बसून विद्यार्थ्यांना काम करता यावं, हा त्याचा हेतू. त्यातून ‘कर्बेरोस’ नावाची पद्धत निघाली. तिच्यात मुख्य दाराकडून जे मिळतं त्याला चक्क ‘तिकीट’ म्हणतात. आपल्याकडे सरकारी कर्मचाऱ्यांसाठी ‘परिचय’ नावाची अशीच सोय आहे. नागरिकांसाठी २०२२ साली ‘मेरी पहचान’ सुरू झाली. डिजिलॉकरचं खातं असेल तर त्याच ओळखीवर इतर काही सरकारी सेवांमध्येही जाता येतं.

आता ताईचं पुढचं सांगते. एक दिवस मुलाच्या शाळेत पालकसभा होती. चार वाजताची एसटी गाठायची होती आणि खिडकीवर अजून रांग होती. तिने शेजारणीला पासवर्ड सांगितला. म्हणाली, “एवढ्या नोंदी करून टाक गं.” पूर्वी असं कितीदा तरी झालं होतं. पण पूर्वी नोंदणीचा पासवर्ड दिला तर फक्त नोंदणी उघडायची. आता त्याच पासवर्डने तिची रजा, तिचं पगारपत्रक आणि बिलाचं कामही उघडत होतं. हे तिच्या लक्षातच आलं नाही.

पंधरा दिवसांनी तिच्या हातात खुलासा मागणारं पत्र पडलं. त्या दिवशी संध्याकाळी एका रुग्णाच्या बिलातली सवलत बदलली गेली होती आणि नोंद ताईच्या नावाची होती. त्या वेळी ताई एसटीत बसलेली होती. बदल शेजारणीने केला, की स्क्रीन उघडी पाहून आणखी कुणी केला, ते शेवटपर्यंत कळलं नाही. संगणकाला खुर्चीत कोण बसलंय ते दिसत नाही. तो लॉगिन कुणाचं आहे तेवढंच लिहून ठेवतो.

रात्री ती खुलासा लिहायला माझ्याकडे आली. “पासवर्ड दिला हे लिहू नको ना? नोकरी जाईल,” असं म्हणून रडायला लागली. मी तिला खरं तेच लिहायला सांगितलं. कारण ‘मला काहीच माहीत नाही’ असं लिहिलं असतं तर बदल तिनेच केला, असा अर्थ निघाला असता. तिने खरं लिहिलं. हजेरीतली बाहेर पडल्याची वेळ जोडली. तिला ताकीद मिळाली, नोकरी राहिली. शेजारीण मात्र अजून तिच्याशी बोलत नाही.

तिला सल्ला देताना माझीच मला लाज वाटत होती, हेही सांगते. आमच्या गटांची माहिती ऑनलाइन भरायची असते. गावात रेंज नसली की मीसुद्धा माझा पासवर्ड दुसरीला सांगायची. त्या रात्री ताई गेल्यावर मी आधी तो बदलला.

पण सगळा दोष बायकांच्या माथी मारू नका. तिघींत एक संगणक, समोर रांग, मग वारंवार लॉगिन बदलायला वेळ कुठून आणायचा? यावर उपाय आहे. रजेच्या दिवशी तुमचं काम दुसरीने करायचं असेल, तर त्या कामाची परवानगी तेवढ्यापुरती तिच्या स्वतःच्या लॉगिनला जोडता येते. ते काम आयटी विभागाचं. साहेबांकडे तशी मागणी करा, आणि लेखी करा.

आपल्या हातातलं म्हणाल तर खुर्ची सोडताना कीबोर्डवरचं विंडोजचं बटण आणि ‘एल’ एकदम दाबा, स्क्रीन बंद होते. घरी निघताना एक खिडकी बंद करून भागत नाही, मुख्य लॉगिनमधून बाहेर पडा. आपण लॉगिन करत नसताना मोबाइलवर ‘तुम्हीच आहात का?’ असं विचारणारा संदेश आला तर ‘नाही’ दाबा आणि लगेच कळवा. कुणीतरी तुमच्या दाराशी उभं आहे, असा त्याचा अर्थ.

शेवटची गोष्ट नोकरी सोडणाऱ्यांसाठी. मुख्य दार बंद झालं की सगळ्या खिडक्या एकदम बंद होतात. संस्थेच्या दृष्टीने ते योग्यच. पण तुमची पगारपत्रकं आणि फॉर्म १६ आतच राहतात, मग त्यासाठी हेलपाटे सुरू. म्हणून शेवटच्या दिवसाआधीच ते उतरवून घ्या. आणि बँक, डिजिलॉकर, पीएफ यांना ऑफिसचा ईमेल कधीच देऊ नका. तिथे स्वतःचा ईमेल आणि स्वतःचाच मोबाइल नंबर हवा, नवऱ्याचा किंवा दिराचा नको.

हात उसने द्यावेत, पीठ-साखर उसनी द्यावी, गटातून अडीनडीला पैसेही द्यावेत. पासवर्ड म्हणजे आपली सही. ती उसनी देऊ नये. शेजारणीने मागितला तर स्पष्ट सांगा, “बाई, राग मानू नकोस, पण हा नाही देणार.” त्या दिवशी रागावेल, पण नंतर तुमच्याशी बोलेल तरी.

भेटू पुढच्या आठवड्यात. नमस्कार.